निळ्या खुर्चीचा जोड

आम्रपालीच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी तिचे भासरे पुनाराम तिच्याशी एक शब्दही सरळ बोलले नव्हते. भांडण नव्हतं. रीत होती. नवऱ्याचा मोठा भाऊ आणि धाकट्याची बायको समोरासमोर बोलत नाहीत, एकाच्या हातची वस्तू दुसरा हातात घेत नाही. वस्तू ओट्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. बोलायचं झालं तर मध्ये सासू. बालाघाटच्या त्या वॉर्डातल्या बहुतेक घरांतून ही रीत केव्हाच गेली होती. विहारातल्या सभेत खुद्द पुनाराम जुन्या रूढींविरुद्ध चांगलं बोलत. पण घरी आले की खाटेवर बसून सांगत, "माय, तिले म्हणा, चहा ठेव." आणि 'ती' दोन हातांवर उभी असे.

मधल्यामध्ये सासू जिजाबाईंचा जीव जाई. "मी का डाकिया हावो काय?" असं म्हणत त्या निरोप इकडून तिकडे करत.

पुनाराम बैहरच्या जंगलात वनरक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. चालवता त्यांना येत नव्हती. धाकटा भाऊ, आम्रपालीचा नवरा धम्मपाल, पाणपंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो. त्याला एका डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून परवाना मिळाला नाही. उरली आम्रपाली. ती शाळांचे गणवेश शिवते. पूर्वी लामत्याकडच्या शाळांचे गठ्ठे ती बसच्या टपावर टाकून पाठवी. कधी गठ्ठा भलत्याच थांब्यावर उतरे, कधी माप चुकलं की सगळा माल परत येई. गाडी शिकल्यावर ती स्वतः शाळेत जाऊन मापं घेऊ लागली आणि काम वाढलं. गाडीची चाबी मात्र पुनाराम यांच्या खाटेजवळच्या खिळ्यावर असे. लागली की जिजाबाईंमार्फत मागायची, परत आली की ओट्यावर ठेवायची.

मे महिन्याच्या अखेरीस ती लामत्याच्या रस्त्यावर होती. मागच्या सीटवर जिजाबाई होत्या. उन्हाळी धान निघालं होतं आणि लोकांनी ते नेहमीप्रमाणे अर्ध्या डांबरी रस्त्यावर वाळत घातलं होतं, कडेनं दगड मांडून. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्यानं दिवे दाखवले, वेग काही कमी केला नाही. डावीकडे धान, उजवीकडे ट्रक. आम्रपालीनं गाडी मागे घेतली, आणि मागे किलोमीटरचा दगड होता.

मागचा बंपर एका बाजूनं परातीएवढा आत गेला. कोपऱ्यात वीतभर चीर पडली.

घरी पुनाराम यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि आईला म्हणाले की तिला विचार, धानावरून का नाही नेली, चार दाणे दबले असते. आम्रपालीनं सासूला सांगितलं की कुणाच्या धानावरून चाक नेणार नाही. हा निरोप पोचवायची गरज नव्हती. तिघंही एकाच अंगणात उभी होती. पुनाराम यांनी चाबी खिशात घातली.

"माय, तिले सांगून दे. ज्यानं तोडलं त्यानं जोडावं. तवलोक चाबी भेटणार नाही."

जिजाबाई सुनेकडे वळल्या. "आयकलं ना? का मी अजून एक बार म्हणू?"

आम्रपाली "हौ" म्हणाली आणि घरात गेली.

शाळा उघडायला फार वेळ नव्हता. शिवलेले गठ्ठे खोलीत छतापर्यंत लागले होते. धम्मपालनं गॅरेजवाल्याला आणलं. त्यानं बोटानं चीर दाबून पाहिली आणि सांगितलं, हे जुडत नाही, नवा घ्या, गोंदियाहून येईल, रंग वेगळा लागेल. आपण दोघांनी मिळून घालू पैसे, धम्मपाल म्हणाला. आम्रपालीनं नको म्हटलं. दादा जोडा म्हणाले होते, नवा आणा म्हणाले नव्हते.

तिनं मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले. त्यांतल्या सगळ्यांजवळ गरम हवा फेकणारी यंत्रं होती आणि कुणाजवळच अंगण नव्हतं. मग तिनं धम्मपालचा पेचकस आणि पाने घेतले. डिक्की उघडायला चाबी लागते. ती जिजाबाईंमार्फत मागितली, तेव्हा पुनाराम स्वतः आले, डिक्की उघडली, चाबी पुन्हा खिशात टाकली आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले.

डिक्कीच्या कडेचे स्क्रू सहज निघाले. चाकांच्या वरचे, आतल्या बाजूचे, गंजलेले होते. त्यांना तिनं रात्रभर खोबरेल तेल पाजलं. सगळं निघालंय असं वाटून तिनं बंपर ओढला आणि कट् आवाज आला. खालच्या बाजूला एक क्लिप राहिली होती, ती तुटली. कडुनिंबाखाली खुर्ची करकरली. मग तिनं गाडीखाली चटई टाकली, पाठीवर सरकत आत गेली आणि उरलेल्या क्लिपा हातानं चाचपून एकेक करून सोडवल्या. दोन्ही बाजू बाहेर ओढल्यावर बंपर मोकळा झाला तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं. एवढं मोठं धूड, आणि वजन भरल्या घागरीहून कमी.

पोचा काढणं त्यामानानं सोपं गेलं. धान उकडायच्या गंजात पाणी उकळलं, बंपर उन्हात तापत ठेवलाच होता, त्यावर ते सावकाश ओतलं आणि हाताला कापडं गुंडाळून आतून दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. पाणी पुन्हा उकळलं. तिसऱ्या गंजाला पोचा डब्याच्या झाकणासारखा फट्कन बाहेर आला. लगेच थंड पाणी टाकलं. एक बारीक सुरकुती राहिली, ती राहू दिली.

चीर राहिली होती. धम्मपाल म्हणाला, मी करून देतो. ती म्हणाली, "तुमी तोडलं काय?" मग त्यानं नुसता सोल्डरिंग आयर्न कसा धरायचा ते दाखवलं. चिरेच्या आतल्या बाजूनं तिनं तांब्याच्या तारेचे आडवे टाके तापवून रुतवले आणि त्यांवर फुटक्या बादलीचं प्लास्टिक वितळवून थापलं. दिसायला झकास झालं. दुसऱ्या दिवशी अंगठा लावताच ते वाळलेल्या पापडीसारखं सुटून हातात आलं.

पुनाराम यांनी आईला सांगितलं की तिला म्हण, गॅरेजवाला मूर्ख नव्हता. जिजाबाईंनी हा निरोप पोचवला नाही. "ऊन लई हाये," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आम्रपाली पापडी हातात घेऊन बसली. बादलीचं प्लास्टिक वेगळं आणि बंपरचं वेगळं, सुताला रेशमाचा जोड लागत नाही तसं काहीतरी, इतकं तिच्या लक्षात आलं. बंपर उलटा करून तिनं आतून ओल्या कापडानं पुसला. धुळीखाली 'पीपी' अशी, प्लास्टिकची जात सांगणारी, दोन इंग्रजी अक्षरं उठलेली होती. घरातले डबे, टोपल्या, मग, सगळं तिनं उलटं करून पाहिलं. कुठे भलतीच अक्षरं, कुठे काहीच नाही.

रविवारी वंदनेनंतर विहारात खुर्च्या एकात एक लावताना तिनं प्रत्येक खुर्चीच्या बुडाखाली पाहायला सुरुवात केली. खुर्च्यांची देखभाल करणाऱ्या गोदाबाईंनी विचारलं, काय हरवलं? तेवढ्यात पाय मोडलेल्या एका निळ्या खुर्चीखाली तिला तीच दोन अक्षरं दिसली.

"ने ना," गोदाबाई म्हणाल्या. "पण गाडीवर लिहून ठेवजो, विहाराकडून सप्रेम भेट."

तिनं खुर्चीच्या पट्ट्या कापल्या. आधीचं सगळं खरवडून काढलं, चिरेत खाच पाडली, तारेचे टाके पुन्हा घट्ट केले आणि निळं प्लास्टिक थोडं थोडं, दोन्हीकडचं वितळेल इतकंच तापवून भरलं. घाई केली की धूर निघे आणि काळं पडे. मग तेवढं कापून पुन्हा. सकाळी तिनं अंगठा लावला, मग पेचकसाचं टोक लावलं. सुटलं नाही. बाहेरून घासून तिनं पांढरा रंग मारला. तुटलेल्या क्लिपच्या जागी तांब्याचीच तार आवळली आणि बंपर गाडीवर चढवला.

पुनाराम आले. वाकून आतला निळा जोड पाहिला. अंगठ्यानं दाबला, मग बाहेरून टाच लावून दाबला. उभे राहिले, डोळे बारीक करून बाहेरची बाजू पाहिली.

"माय, तिले सांग, रंग जमला नाही. पांढऱ्यात दुसरं पांढरं दिसून राह्यलं."

जिजाबाईंनी तोंड उघडलं, त्याआधीच आम्रपाली बोलली. मान वर होती, आवाज रोजचाच.

"रंगाचं ठरलं नव्हतं, दादा. जोडाचं ठरलं होतं."

जिजाबाई एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिल्या. पुनाराम यांनी खिशात हात घातला. ओटा चार पावलांवर होता, पण ते तिकडे गेले नाहीत. चाबी त्यांनी बंपरच्या काठावर ठेवली, निळ्या जोडाच्या बरोबर वर, आणि हातपाय धुवायला गेले. आम्रपालीनं ती उचलली. त्या दिवसापासून ती शिलाई मशीनच्या खणात असते.

दोन दिवसांनी ती गठ्ठे घेऊन निघाली. पुनाराम यांना लामत्याला जुन्या सोबत्याकडे जायचं होतं. ते मागच्या सीटवर, गठ्ठ्यांना टेकून बसले. जिजाबाई आल्या नव्हत्या. वाटेत एक शब्द झाला नाही. त्याच रस्त्यावर, त्याच बाजूला धान वाळत होतं आणि समोरून ट्रक येत होता. आम्रपाली लांबच थांबली, पण ट्रकला बाजूनं निघायला जागा पुरेना. तिनं गिअर टाकला आणि गाडी हळूहळू मागे घेऊ लागली.

"मागं दगड हाये," पुनाराम म्हणाले.

निरोप न्यायला गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"हौ, दादा," आम्रपाली आरशात पाहत म्हणाली. "दिसून राह्यला."