आठ पिशव्या शाडू

रोह्याच्या आमच्या शाळेत मुलांनी गेल्या वर्षी शाडूचा एक फुटाचा गणपती केला, तेव्हा एक पिशवी माती पुरली होती. यंदा दोन फुटांचा करायचा होता. म्हणून मी पेणला, रामवाडीतल्या एका मूर्तींच्या कारखान्यात जाऊन हे सगळं सांगितलं आणि दोन पिशव्या मागितल्या.

तिथल्या बाई सोंडेला आकार देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन नाय पुरायच्या, सर. आठ लागतील."

"उंची तर दुप्पटच आहे."

"नुसती उंची वाढवाल, तर देव उपाशी दिसंल. रुंदी वाढते, पोट बी पुढं येतं."

मग त्यांनी मातीचे आठ सारखे चौकोनी ठोकळे केले. खाली चार ठेवले, त्यांवर चार रचले. सगळ्या बाजूंनी बरोबर दुप्पट असा एक मोठा ठोकळा झाला. मला हसूच आवरेना.

"शाळेत काय शिकवता?" त्यांनी विचारलं.

"गणित. घनफळसुद्धा."

त्यांनी मनगटानं कपाळ पुसलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "मंग नऊ न्या."

मी नऊ नेल्या. मूर्ती आठांत झाली. नवव्या पिशवीतल्या मातीचे ठोकळे करून मुलं वर्गात घनफळ शिकली, आणि त्यांच्यासोबत मीही.