खिडकीशी एक बाई

आमच्या विभागात दर वसंतात एक ईमेल येते: यंदा तुम्ही काय काय केलंत ते चार ओळींत कळवा. मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात सिनेमा शिकवते. संवादशास्त्र आणि चित्रपट मिळून आमचा एकच विभाग आहे. कुणाचं पुस्तक आलेलं असतं, कुणी परिषदेत निबंध वाचलेला असतो. आपणच आपली आरती ओवाळायची म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो, पण ही मंडळी एकमेकांच्या आरतीला टाळ्याही मनापासून वाजवतात. विभागाच्या वार्षिक पत्रकात माझ्या नावापुढे मात्र बरीच वर्षं एकच वाक्य छापून यायचं, 'माहितीपटाचं संकलन चालू आहे.' नागपूरला बाबा ते वाचायचे आणि फोनवर विचारायचे, "काय गं, संकलन चाललंय की रस्त्याचं काम?"

यंदा माहितीपट पूर्ण झाला. नातवंडं सांभाळायला भारतातून आलेले आजी-आजोबा, आणि सगळे कामावर-शाळेत गेल्यावर उरलेली त्यांची दुपार, एवढाच विषय. एका छोट्या महोत्सवाने तो निवडला आणि विभागाने आपल्या वार्षिक कार्यक्रमात दाखवायचं ठरवलं. बाबा तेव्हा वेस्ट विंडसरला माझ्याकडेच राहायला आले होते. पण तोवर काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली होती. उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच कळायचं. बाकी कुणी नाही पाहिला तरी चालेल, पण माझा सिनेमा बाबांनी पाहावा असं मला वाटत होतं, आणि नेमकं तेच होणार नव्हतं. मला फार राग यायचा. कुणावर, ते मात्र सांगता येत नव्हतं.

विभागात माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी प्राध्यापिका अंध प्रेक्षकांसाठी सिनेमाचं वर्णन कसं करावं यावर काम करते. संवादांच्या मधल्या फटींत पडद्यावर काय दिसतं ते सांगायचं, असं ते काम. तिनेच सुचवलं की वर्णन तू मराठीत रेकॉर्ड कर, आपण ते तुझ्या वडिलांच्या हेडफोनमध्ये सोडू. तिचे नियम कडक होते. दिसतं तेवढंच सांगायचं. हळहळायचं नाही. आणि सिनेमा ज्याची ओळख करून देत नाही, त्याची ओळख आपणही द्यायची नाही.

सिनेमाच्या मध्यावर एक दृश्य आहे. माझ्या घरातली खिडकी, बाहेर गवतावर खार, आणि खिडकीशी साडीची घडी घालणारी माझी आई. तिच्या शेवटच्या खेपेला मी ते घेतलं होतं. कॅमेरा बघून ती म्हणाली होती, "माझं काय घेतेस? त्या खारीचं घे, ती तरी काही करतेय." तिचं बोलणं मी संकलनात काढून टाकलं, घडीचा आवाज तेवढा ठेवला. पुढल्या वर्षी आई गेली. ती माझी आई आहे असं सिनेमात कुठेच येत नाही. आपलं रडं प्रेक्षकाच्या गळ्यात मारू नये, असं मी वर्गात मुलांना शिकवते. रेकॉर्डिंगच्या वेळी इथे आल्यावर मी दोनदा बटण बंद केलं. मग मी नियमाचा आधार घेतला आणि एका दमात म्हणून टाकलं, "खिडकीशी एक बाई साडीची घडी घालते आहे." मराठी कळत नसूनही ही शेजारची प्राध्यापिका म्हणाली की आवाज छान स्थिर लागलाय.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा हेडफोन लावून माझ्याजवळ बसले. सुरुवातीला बाकीच्यांच्या आधीच हसत होते. खिडकी आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. थोड्या वेळाने सोडलं, आणि मग शेवटपर्यंत हलले नाहीत. दिवे लागले. विभागप्रमुखांनी यंदा कुणी काय केलं ते वाचून दाखवलं, माझं नाव आलं, टाळ्या झाल्या. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ती एक बाई कोण?"

मी त्यांच्या मांडीवरचा हेडफोन उचलला.

"घडी झाली की दोनदा थापटते. अख्ख्या नागपुरात साडीला अशा थापा मारणारी एकच बाई होती. मी ओरडायचो तिला, दुपारचं जरा झोपू दे म्हणून."

"बाबा, नियम असतो तसा. पाहणाऱ्यांना ती कोण ते माहीत नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही..."

"हेडफोन किती जणांच्या कानाला होता?"

"तुमच्याच."

"मग? जगाला नको सांगू. मला तर सांगायचंस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज नुसता थकलेला होता, आणि मला स्वतःची लाज वाटली.

लोक बाहेर समोशांकडे वळले. तेवढंच दृश्य पुन्हा लावशील का, असं मी शेजारणीला विचारलं. तिने कारण न विचारता लावलं. या वेळी हेडफोन नव्हता. मी बाबांच्या कानाशी वाकले.

"आई खिडकीशी उभी आहे," मी म्हटलं, आणि आवाज स्थिर वगैरे काही राहिला नाही.

"साडी कुठली?"

"जांभळी. बारीक काठाची."

"हं. आणि?"

"नुकतीच न्हालीय, केस मोकळे आहेत. खारीकडे बघून हसतेय."

पडद्यावर आईने घडी थापटली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"दिसली," बाबा म्हणाले. "परत लाव."