कुंपण नसलेला हरभरा

परवा एसटीतून जाताना जंगलाला लागून हरभऱ्याचा एक हिरवा तुकडा दिसला. त्याला कुंपण नव्हतं.

मामांचा तुकडाही असाच उघडा असायचा. चितळांसाठीच पेरलेला. महिनाभर मामा रोज मचाणावर नुसते बसून राहत. "आपली सवय होऊ दे त्यांना," म्हणत. मग एका संध्याकाळी त्यांनी बंदूक सोबत घेतली. मी शेजारीच होतो. चरणाऱ्या एका मादीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं कुणी दिसावं तशी पुन्हा चरू लागली.

आम्ही खाली उतरलो तेव्हा तिच्या तोंडात हिरवा घास तसाच होता.

अजूनही कुणी आग्रहाने ताट वाढून "पोटभर जेवा" म्हणालं, की माझी नजर आधी दाराकडे जाते.