दार का बंद होतं?

दोल्गांग शहरात प्यो गिलसूला नावानं हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांसाठी तो बॅनरवाला. नदीकाठच्या बाजारात, मासळीच्या रांगेच्या टोकाला त्याचं दुकान होतं. कुणाचं नवं सलून उघडो, कुणाची मुलगी सरकारी परीक्षा पास होवो, पुढाऱ्याची सभा असो की चर्चचा प्रार्थना सप्ताह, कापड त्याच्याच हातून जायचं. अक्षर असं ठसठशीत, की रस्त्यापलीकडून म्हाताऱ्यानंही चष्म्यावाचून वाचावं. पुढे छपाईचं यंत्र आलं आणि कुंचले वाळून गेले. पण शिडीवर चढून दोरी आवळायला साठीनंतरही तो स्वतःच जायचा. "दुसऱ्यानं बांधलेलं बॅनर वाऱ्यात पोट काढतं," म्हणायचा.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये लष्करशाहीविरुद्ध सगळा देश रस्त्यावर उतरला, तेव्हा गिलसू पंचवीस वर्षांचा होता. नुकतंच लग्न झालेलं. मोर्च्यांची कापडं तोच रंगवायचा. विद्यार्थ्यांचा पुढारी यॉम जेगू पोलिसांना हवा होता. गिलसूनं त्याला दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांमागे एकोणीस दिवस लपवलं. गिलसूची बायको मालसुक शिडीवरून त्याला भात आणि मोड आलेल्या कडधान्याचं सूप वर पोचवायची. विसाव्या दिवशी पोलीस आले, तोवर यॉम मागच्या गल्लीनं निसटला होता. त्यांनी गिलसूला नेलं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. पण तोंडातून यॉमचं नाव निघालं नव्हतं, आणि सरकार झुकून निवडणुकीला कबूल झालं होतं.

"काय मिळालं एवढं करून?" बोटांना हळदीसारखा पिवळा लेप लावत मालसुकनं विचारलं.

"निवडणूक मिळाली," तो म्हणाला, आणि दुखत असूनही हसला.

यॉम पुढे खासदार झाला. एकदा नाही, चारदा. प्रत्येक प्रचाराचं पहिलं बॅनर गिलसूच्या दुकानातून निघायचं. सगळ्यांसमोर गिलसू त्याला "साहेब" म्हणू लागला होता, यॉम मात्र भर बाजारात गाडी थांबवून "दादा!" अशी हाक मारायचा. मासळीवाल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. त्या दिवशी गिलसू दुकान जरा उशिरा बंद करायचा.

मालसुकची श्रद्धा वेगळ्या ठिकाणी होती. त्याच सुमारास पास्टर मिन नावाचा तरुण नदीच्या वाळवंटात तंबू ठोकून गिरणीतल्या मुलींसाठी प्रार्थना घ्यायचा. त्या जे खातील ते तोही खायचा. गिलसूची आई गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला हा माणूस स्वतः पुढे झाला. गिलसूचा देवावर विश्वास नव्हता. "देव असेल नसेल, पण हा माणूस खरा आहे," एवढं तो म्हणाला आणि तंबूवरची पाटी त्यानं फुकट रंगवून दिली. तंबूचं पुढे ‘पहाट चर्च’ झालं. काळ्या दगडाची इमारत, चार हजार भाविक, चर्चच्याच ट्रस्टचं वृद्धांसाठी ‘कृपा’ रुग्णालय. मालसुक रोज पहाटे प्रार्थनेला जायची आणि रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सातशे माणसांचं जेवण रांधायची. एकतीस वर्षं. एका माणसाला गिलसूनं आपलं मत दिलं होतं, दुसऱ्याला बायकोच्या पहाटा. आपला हिशोब चुकला असं त्याला कधी वाटलं नाही.

मुलगी हेवोन लग्नानंतर फार उशिरा झाली. एकुलती एक. तिला कृपा रुग्णालयात व्यायामोपचाराची नोकरी लागली ती पास्टरांच्या शब्दावर. म्हाताऱ्यांचे आखडलेले हातपाय मोकळे करायचं काम. पोरगी जिभेची तिखट.

"बाबा, तुमचे खासदार आणि आईचे पास्टर, दोघांच्या गाड्या एकाच रंगाच्या आहेत. बघितलंत का?" एकदा जेवताना ती म्हणाली.

"काळ्या गाड्या सगळ्यांच्याच असतात."

"आमच्या रुग्णालयाच्या मजल्यावर कुणाचीच नाही."

"जेव गुपचूप," मालसुक म्हणाली. पण हसू तिलाही आलं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास कृपा रुग्णालयाच्या धुलाईखोलीत आग लागली. आग तळघरातच राहिली, धूर वर गेला. हेवोननं दुसऱ्या मजल्यावरून दोन आज्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं आणि तिसऱ्यांदा वर गेली. तेवढ्यात पुढचा जिना धुरानं भरला, म्हणून ती मागच्या जिन्याकडे वळली असणार. त्या दाराला कुलूप होतं. दारापुढे म्हाताऱ्यांच्या डायपरची खोकी छतापर्यंत रचलेली होती. अकरा माणसं गेली. हेवोन त्या दाराशीच सापडली. बरीचशी खोकी तिनं बाजूला ओढली होती.

तीन दिवस शोकगृहात काळी फीत लावलेल्या फोटोसमोर गिलसू आणि मालसुक बसून होते. पास्टर मिन आले, मालसुकचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, देवाला तिची गरज होती."

"आमेन," मालसुक म्हणाली. तिच्या तोंडून ते सवयीनं गेलं. त्या एका शब्दासाठी तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

खासदार यॉम आला. फोटोसमोर कपाळ जमिनीला टेकवून त्यानं दोनदा नमस्कार केला आणि उठताना रडला. ते रडणं खरं होतं, असं गिलसू आजही सांगतो. "दादा, या पोरीला मी कडेवर खेळवलंय. कुणीही असो, सोडणार नाही."

गिलसूनं त्यावर भिस्त ठेवली. बाकीच्या दहा घरांची माणसं त्याच्याकडे आली, म्हणाली, काहीतरी लिहून लावू या. त्यानं यंत्र सुरू केलं नाही. वर्षानुवर्षं न हात लावलेले कुंचले पाण्यात भिजत घातले आणि पांढऱ्या कापडावर चारच शब्द रंगवले: दार का बंद होतं? रुग्णालयाच्या कुंपणावर ते स्वतः बांधलं. चौकशी चालू आहे, उत्तर मिळेलच, अशी त्याची समजूत होती. प्रश्न कुणाला टोचावा म्हणून त्यानं लिहिला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

खटला पुढच्या वसंतात उभा राहिला. आरोपीच्या पिंजऱ्यात किल्ल्या सांभाळणारा सदुसष्ट वर्षांचा कंत्राटी कामगार होता. त्याला तीन वर्षांची कैद झाली. रुग्णालयाचा संचालक म्हणजे पास्टर मिन यांचा जावई. त्याला ‘माहीत नव्हतं’, म्हणून त्याची शिक्षा स्थगित. साक्षीला आलेल्या अग्निशमन खात्याच्या माणसानं सपाट आवाजात एक कागद वाचला. दार उघडं करा, अशी नोटीस दोनदा दिली होती. तिसऱ्यांदा मजला बंद करायचा आदेश तयार होता, तेव्हा खासदारांच्या कार्यालयातून फोन आला, थोडं सबुरीनं घ्या. आदेश कपाटात राहिला.

"ऑफिसातल्या कुणा टोणग्यानं केला असेल," गिलसू बसमध्ये बायकोला म्हणाला.

मालसुक खिडकीबाहेर बघत राहिली. "विचारून या," एवढंच म्हणाली.

तो गेला. यॉमच्या स्थानिक कार्यालयात भिंतीवर जूनच्या मोर्च्याचा मोठा फोटो होता. त्यातलं कापड गिलसूनं रंगवलेलं. यॉमनं स्वतः उठून त्याला खुर्ची दिली, बार्लीचा चहा मागवला.

"दादा, बरं झालं आलात. मीच येणार होतो. ते कुंपणावरचं बॅनर... लोकांचं दुःख मला कळतं. पण निवडणूक वर्षावर आलीय. समोरचे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. थोडे दिवस उतरवता येईल का?"

"तो फोन तू केला होतास?" गिलसू म्हणाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘तू’ गेलं.

यॉमनं चष्मा काढला. डोळे चोळले. "दादा, खोटं कशाला बोलू? दिवसाला शंभर फोन होतात. याचा परवाना, त्याची बदली. केलाही असेन. पास्टर काही बोलले असतील. मला खरंच आठवत नाही."

गिलसू म्हणायला आला होता बरंच. एकोणीस दिवस, शिडीवरून वर जाणारं सूप, पोलिसांची ती खोली. पण हे बोलून दाखवलं तर आपण वसुलीला आलोय असं दिसेल, अशी त्याला लाज वाटली. आणि ज्या माणसाला तो फोन आठवत नाही, त्याला तो माळा आठवत असेल हे कशावरून? चहा न घेता तो उठला.

"दादा, रागावू नका," यॉम दारापर्यंत आला.

"रागावलो असतो तर बरं झालं असतं," गिलसू म्हणाला.

घरी येऊन त्यानं मालसुकला जसंच्या तसं सांगितलं. तिनं हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "तुमचा खासदार तर कळला. आता माझे पास्टर बघू."

पाठोपाठ शरद ऋतू आला. वयामुळे पास्टर मिन निवृत्त होणार होते आणि चर्च मुलाच्या हाती द्यायचं ठरलं होतं. मुलगा परदेशात शिकून आलेला, गोड गळ्याचा. रविवारच्या प्रार्थनेनंतर सभा भरली. चर्चच्या ज्येष्ठांपैकी एकजण माईकवर म्हणाला, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं." हे म्हणण्यापुरतंच होतं; पियानोवाला पुढच्या गाण्याची पानं उलटत होता.

चार हजार माणसांत मालसुक उभी राहिली. एकटी.

"ताई, बसा," ज्येष्ठ हसून म्हणाले. "पाय दुखतात ना तुमचे?"

"पाय ठीक आहेत." तिचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जात नव्हता. "पास्टर, मला एकच विचारायचंय. दाराला कुलूप आहे हे तुमच्या जावयानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

पास्टर मिन यांनी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं उत्तर देतील. त्यांनी प्रार्थना सुरू केली. "हे परमपित्या, दुःखानं वाट चुकलेल्या आमच्या या भगिनीला..." आणि चार हजार डोकी खाली गेली. ज्यांना तिनं एकतीस वर्षं वाढलं होतं, ते सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. तिच्याबरोबर भाजी चिरणारी, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे हौद भरणारी मैत्रीणही. दोन स्वयंसेवकांनी मालसुकला कोपराला धरून, अगदी अदबीनं, बाहेर आणलं. एकानं तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"माझ्यासाठी देवाकडे माफी मागितली त्यांनी," घरी आल्यावर ती गिलसूला म्हणाली. "माझ्यासाठी! ऐकलंत?"

त्यानंतर ती चर्चला गेली नाही. पहाटे चारला जाग मात्र यायचीच. उठायची, तोंड धुवायची, स्वेटर घालायची आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहायची. एकदा गिलसूनं विचारलं, "प्रार्थना करतेस?"

"करून बघते. पण आत बोलायला लागले की त्यांचाच आवाज ऐकू येतो. शब्द सगळे त्यांनीच शिकवलेत ना." ती उठून भात लावायला लागली. "देव गेला असता तरी चाललं असतं हो. पण त्याला हाक कशी मारायची तेच गेलं."

कुंपणावरचं बॅनर नगरपालिकेनं विनापरवाना म्हणून कापून नेलं. गिलसूनं दुसरं रंगवलं. तेही गेलं. असं सात वेळा झालं. कापायला येणारा कामगार ओळखीचा होता, तो आधी दुकानात येऊन सांगायचा, "काका, आज काढणार आहे हां. वाईट वाटून घेऊ नका." अकरा घरांपैकी काहींनी भरपाई घेऊन सही केली, काही गाव सोडून गेली. सातव्यांदा बॅनर बांधायला गिलसूबरोबर कुणीच नव्हतं.

मार्चमध्ये विरोधी पक्षाचा उमेदवार दुकानात आला. वकील, चाळिशीचा, चुणचुणीत. खाली बसून, हात जोडून म्हणाला, "काका, यॉम साहेबांना या वेळी पाडायचंच. तुमच्या मुलीचा फोटो आणि तुमच्या हातचं ते वाक्य, एवढं द्या. न्याय मी मिळवून देतो."

गिलसू त्याच्याकडे बघत राहिला. तोच सूर, तेच चमकणारे डोळे. सत्त्याऐंशीत माळ्यावरून उतरणाऱ्या पोराचेही असेच होते.

"रविवारी कुठं जाता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मी? पहाट चर्चला." उमेदवार जरा अडखळला. "म्हणजे... चार हजार मतं आहेत तिथं, काका. न जाऊन कसं चालेल?"

"बरोबर आहे," गिलसू म्हणाला. "नाही चालायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाच्या काचेवर कागद लावला: पक्षांची आणि चर्चची कामं घेत नाही. शेजारची मासळीवाली ओरडली, "अहो बॅनरवाले, मग उरलं काय? माझ्या बांगड्यांचं बॅनर लावणार का?" तो हसला नाही. महिनाभर यंत्र जवळजवळ बंदच होतं. एप्रिलच्या त्या आठवड्यात अख्खं शहर रंगीत कापडांनी भरून गेलं होतं, आणि त्यातलं एकही त्याच्या हातचं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मालसुकनं डबा भरला. सत्त्याऐंशीपासून गिलसूनं एकही मतदान चुकवलं नव्हतं. तापात असतानाही गेला होता. तिनं विचारलं, "जायचं का आधी शाळेत?"

शाळा म्हणजे मतदान केंद्र. फाटकापर्यंत ते दोघं गेलेही. रांगेतल्या कुणीतरी त्यांना ओळखून पुढे जायला जागा करून दिली. गिलसू तिथं क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "चल, बस येईल."

डोंगरातल्या अस्थिगृहाकडे जाणारी बस रिकामी होती. हेवोनचा कप्पा खालून दुसऱ्या रांगेत होता, काचेमागे कलश, फोटो आणि तिच्या कामावरच्या पांढऱ्या बुटांचा एक छोटा जोड. मालसुकनं बाहीनं काच पुसली. पूर्वी इथं आली की ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. आज तिचे ओठ मिटलेले होते. गिलसूनंही काही वचन दिलं नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक खेपेला देत असे.

"काय सांगू गं तिला?" थोड्या वेळानं तो म्हणाला.

"काही नका सांगू," मालसुक म्हणाली. "तिला सगळे काही ना काही सांगूनच गेलेत."

मग दोघांनी बाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला. संध्याकाळी दुकानांतल्या टीव्हींवर निकाल सुरू झाले. गिलसूनं बाजारातून घरी येताना मान वर केली नाही. कोण जिंकलं ते त्याला दोन दिवसांनी, कापड विकणाऱ्या माणसाकडून कळलं. तो "बरं" म्हणाला आणि त्यानं हात पुसायला फडकं मागितलं.