एका घरातून एकच अर्ज

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या पलीकडे, शिवणकामाची एक खोली आहे. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन तिथे येतात आणि दुरुस्त होऊन परत वर जातात. त्या खोलीत सोळा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईंना सगळे सर्जनबाई म्हणत. वरचे डॉक्टर माणसं शिवतात, ह्या चादरी शिवतात, आणि ह्यांचा एकही पेशंट अजून दगावलेला नाही, असं एक जुनी नर्स कधीतरी बोलून गेली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

सर्जनबाई एकोणचाळिसाव्या वर्षी बारावीला बसल्या. त्याच वर्षी त्यांची एकुलती एक लेकही बारावीला होती. कल्पना लेकीचीच. "आई, तू रोज माझी पुस्तकं चाळतेस, मग परीक्षेला का नाही बसत? बाहेरून बसता येतं. मलाही सोबत होईल." बाईंनी आधी हसण्यावारी नेलं. लेकीने फॉर्म आणला, स्टुडिओत नेऊन आईचा फोटो काढून घेतला, आणि पुढचे दहा महिने दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसल्या. टेबल म्हणजे काय, तर बाईंचे यजमान रंगारी होते, त्यांची रंगकामाची फळी. दोन स्टुलांवर आडवी टाकायची, वर जुनी चादर. चादर सरकली की खालून सात-आठ घरांच्या भिंतींचे रंग दिसायचे.

निकाल लागला तेव्हा लेकीला सत्त्याऐंशी टक्के पडले होते, बाईंना एकसष्ट. लेक आईचा निकाल घेऊन सगळ्या गल्लीत फिरली, स्वतःचा घरीच विसरली. बाईंनी धुलाईखान्यातल्या सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथेच संपली होती. परीक्षा द्यायची होती, दिली.

लेकीला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. तो विषय असलेलं कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर होतं. फी आणि वसतिगृह मिळून जो आकडा होता, तो घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. मग लेक शिष्यवृत्त्यांच्या मागे लागली. वाचनालयात बसून तिने वहीत यादी केली आणि एक एक नाव खोडत गेली.

"ही अनाथ मुलांसाठी. ही खेळाडूंसाठी. ही सैनिकांच्या मुलांसाठी," ती म्हणाली. "आपण कशातच बसत नाही. बाबा, तुम्ही जरा सैन्यात जायला काय हरकत होती?"

"गेलो असतो," रंगारी म्हणाले, "आणि शत्रूची भिंत रंगवून परत आलो असतो."

शेवटी एक निधी सापडला. ज्यांच्या घरातून आजवर कोणीच कॉलेजात गेलेलं नाही, अशांसाठी. तीन वर्षांची फी, राहणं, पुस्तकं, सगळं. दरवर्षी बाराजणांची निवड. लेकीने फॉर्मच्या दोन प्रती आणल्या, एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. मग बाई बटणं लावत बसल्या होत्या तेव्हा तिने अटी एकेक करून वाचून दाखवल्या. चौथी अट होती, वयाचं बंधन नाही. बाईंची सुई क्षणभर थांबली. अकरावी अट होती, एका घरातून एकच अर्ज विचारात घेतला जाईल.

"बरं झालं मला भाऊबहीण नाही," लेक म्हणाली. "नाहीतर घरात युद्ध झालं असतं."

पुढे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण बाईंनी नंतर स्वतःला त्यातली कुठलीच सूट दिली नाही. अकरावी अट त्यांनी ऐकली होती. कानाआड गेली असं झालेलं नव्हतं. लेकीचा अर्ज गेल्यावर दुसरी प्रत कोरीच कपाटात राहिली, ती त्यांनी पिशवीत घातली आणि शिवणखान्यात नेली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, मशीनच्या फळीवर, त्यांनी ती भरली. त्या मनाशी म्हणत होत्या की नुसतं भरून बघू. मग भरलाच आहे तर पाठवू. सत्त्याऐंशी टक्क्यांपुढे एकसष्टला कोण विचारतंय, दोघींत निवडायची वेळ आली तर पोरीलाच घेतील. एवढं सगळं पटवून झाल्यावरही पत्ता लिहिताना त्यांनी घराचा पत्ता एका रकान्यात लिहिला आणि पत्रव्यवहारासाठी मात्र हॉस्पिटलचा दिला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता: शिक्षण का थांबलं? त्याखाली पानभर जागा. आजवर बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या की वडिलांना झेपलं नाही म्हणून शाळा सुटली. खरं असं होतं की दहावीनंतरच्या वर्षी त्या गणितात नापास झाल्या होत्या, पुन्हा त्याच वर्गात बसायची लाज वाटली, आणि वडील फी भरायला तयार असताना त्यांनी शाळेत जायचं नाकारलं. वडील पुढे आयुष्यभर नातेवाइकांचे टोमणे ऐकत राहिले आणि नकार मुलीचा होता हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. हे बाईंनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या पानावर मात्र लिहिलं.

सव्वा महिन्याने हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिफाफा आला. निवड झाली होती. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मशीनच्या खणात रिळांच्या खाली ठेवला. लेकीचंही येईल, मग दोन्ही एकदमच दाखवू, असं त्यांनी ठरवलं. अकराव्या अटीचं काय, हा विचार त्या आतून पुढे येऊ देत नव्हत्या. चार दिवस लिफाफा तिथेच होता. चार दिवस त्या नेहमीपेक्षा लवकर कामावर जात होत्या, आणि खण उघडताना त्यांना फार आनंद होत होता. पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हे.

पाचव्या दिवशी लेकीचं पत्र घरी आलं. संध्याकाळी बाई घरात शिरल्या तेव्हा ती फळीपाशी उभी राहून बापाला वाचून दाखवत होती.

"काहीतरी घोळ आहे ह्यांचा. हे बघ, आई. 'आपल्या कुटुंबातील अन्य अर्जदाराची निवड झाल्याने आपला अर्ज बाद करण्यात येत आहे.' अन्य अर्जदार कोण? मी काय जुळी आहे?"

"एकाच आडनावाचं दुसरं कोणीतरी असेल," रंगारी म्हणाले. "उद्या जाऊन विचार. अशा कागदांवर विश्वास ठेवू नये. आई येईल बरोबर."

"येशील ना?"

"येईन," बाई म्हणाल्या.

तेव्हा सांगता आलं असतं. सकाळी आवरताना सांगता आलं असतं. बसमध्ये शेजारी शेजारी बसल्या होत्या, लेक कार्यालयात काय बोलायचं त्याची उजळणी करत होती, "मी आवाज चढवणार नाही, आधी नीट विचारणार," तेव्हाही सांगता आलं असतं. निधीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या जिन्यावर बाई थांबल्या. "दमलीस?" म्हणून लेकीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि मग तर त्यांना बोलणं अशक्यच झालं.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, आणि टेबलामागे दोरीने गळ्यात चष्मा अडकवलेला एक कारकून. माणूस सभ्य होता. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, पत्र पाहिलं, आणि फाईल काढली.

"तुमच्या घरून दोन अर्ज आलेत," तो म्हणाला.

"एकच आला असणार. मी स्वतः भरलाय," लेक म्हणाली. "पत्ता चुकून एक झाला असेल, तेवढं तपासाल का?"

त्याने पानं उलटली, एका पानावर थांबला, चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या पानाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि फाईल टेबलावर फिरवून दोघींच्या समोर धरली.

"ह्या तुम्हीच ना?"

लेकीने फोटो ओळखला. स्टुडिओत आईच्या खांद्यावरचा पदर तिनेच नीट केला होता. अक्षरही ओळखलं. बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. खोलीत पंखा फिरत होता आणि कपाटावरचा एक कागद सारखा वर उठून परत पडत होता.

लेक बोलली. "हो, हो, ही आईच. तिचा अर्ज मला माहीत होता. मला वाटलं मोठ्या वयाच्या लोकांचा गट वेगळा असतो, म्हणून विचारायला आले."

"गट वगैरे काही नाहीत," कारकून म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "पण अभिनंदन हं तुमचं. तुमचं लिहिलेलं सगळ्यांना फार भिडलं. इतकं खरं कोणी लिहीत नाही."

लेकीने उठून त्याचे आभार मानले, पिशवी उचलली, आणि जिना उतरताना आईला आधी जाऊ दिलं.

बसथांब्यावर बराच वेळ दोघी उभ्या होत्या. लेकीने आरडाओरडा केला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंस. फॉर्म मीच भरून दिला असता तुझा." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि काल मी वाचत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आज सकाळीसुद्धा."

"हो."

बस आली. लेक पुढच्या सीटवर बसली.

त्या रात्री बाईंनी काही खाल्लं नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, कोणाला न सांगता, पुन्हा त्या कार्यालयात गेल्या. म्हणाल्या, माझं नाव काढा, मुलीला द्या. कारकुनाने समजावून सांगितलं की तसं होत नाही. मुलीचा अर्ज बाद झालाय, तो परत उघडता येत नाही. नाव मागे घेतलं तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. "घरी विचार करा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. बाईंनी ऐकलं. तरी म्हणाल्या, कागद द्या. त्यांना एवढंच वाटत होतं की ती गोष्ट आपल्याजवळ राहू नये, कोणाकडेही जावो. त्यांनी सही केली आणि जिना उतरताना दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास मोकळा झाला.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, नवऱ्यासमोरच. आपण काही चांगलं केलंय अशा आवाजात सांगितलं, हे त्यांना सांगता सांगताच ऐकू आलं.

लेक उभीच होती. "म्हणजे आता दोघींनाही नाही."

"मला ते घेववलं नसतं, बाळा."

"मला चाललं असतं," लेक म्हणाली. "काल बसमध्ये मी ठरवलं होतं की तू जायचं. इथल्या इथे शिकलीस तर नोकरी संभाळून झालं असतं, मी काहीतरी बघितलं असतं. रागावले होते, पण ठरवलं होतं. तू विचारलंस का मला? पाठवतानाही नाही विचारलंस, काढतानाही नाही."

रंगाऱ्यांना हे सगळं प्रकरण तेव्हाच कळत होतं. ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवून साफ करत होते, ते करत राहिले. मग बायकोला म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे." त्यापलीकडे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अर्धा खाडा करून ते रंगाऱ्यांच्या संघटनेच्या कार्यालयात गेले. सभासदांच्या मुलांसाठी तिथे छोटी मदत मिळायची. तिच्यात वसतिगृह भागणार नव्हतं, पण गावातल्या कॉलेजची फी भागली. तिथे भूगर्भशास्त्र नव्हतं. लेकीने भूगोल घेतला.

दोन-तीन महिन्यांत घर पहिल्यासारखं बोलू लागलं. लेक आईच्या पाठीला तेल चोळायची, शिवणखान्यातले किस्से ऐकून हसायची. फक्त आपले कागद ती घरात उघडत नसे. प्रवेशाचे, परीक्षेचे, पुढे नोकरीचे, सगळे फॉर्म तिने बाहेर भरले. बाईंनी कधी विचारलं नाही. एकदा तिच्या बॅगेतून एक अर्धा भरलेला फॉर्म खाली पडला, तर बाईंनी तो पालथाच उचलला आणि पालथाच परत ठेवला.

शिवणखान्यात बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं. लिफाफा कशाचा होता असं धुलाईवाल्या मावशींनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, विम्याचा. एक मात्र त्यांनी केलं. वडील तर गेलेले होते, पण थोरले भाऊ होते. एका रविवारी त्या भावाकडे गेल्या आणि शाळा का सुटली ते त्यांना सांगितलं. भाऊ म्हणाले, "आता हे उकरून काय उपयोग?" आणि नंतर सहा महिने त्यांनी फोन केला नाही. बाईंनी ते मुकाट्याने घेतलं.

लेक भूगोलात पहिली आली. आज ती जमीन मोजणाऱ्या एका खात्यात आहे, नकाशे करते, पगार बरा आहे. कामानिमित्त कधी कधी तिला खडकांचे अहवाल वाचावे लागतात, ते समजायला जड जातात, मग ती त्या विषयाची जुनी पुस्तकं विकत आणते. सुट्टीत घरी आली की ती पुस्तकं तिच्या हातात दिसतात, आणि बाई स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आवरायला लागतात.

दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पगारातून आईचं नाव पोस्टाने चालणाऱ्या पदवीच्या वर्गात घातलं. आधी विचारलं. बाई म्हणाल्या, नको. ती म्हणाली, "मी विचारलंय, आणि तू विचार करून सांग." आठ दिवसांनी बाई हो म्हणाल्या. पहिल्या वर्षी इतिहासाचा एक पेपर राहिला, तो त्या पुन्हा देणार आहेत. नर्सा कौतुक करतात, म्हणतात सर्जनबाई आता खरंच डिग्री घेणार. बाई मशीनवरून मान वर करत नाहीत. कोणी फारच पाठ धरली तर म्हणतात, "फी लेक भरते," आणि पुढचा गाऊन सुईखाली ओढतात.