श्रावणातला पाला

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. औषधांविषयी लिहिण्याची माझी लायकी नाही. जाणकारांनी माफ करावं. पण आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून हेही माझ्याच वाट्याला आलं.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी आणि महिन्याला रक्ततपासणी. गोळ्यांच्या खोक्यातला इंग्रजी कागद आईने माझ्याकडे दिला. व्हिटॅमिन 'के' असलेल्या आहाराबाबत काळजी घ्या, अशी त्यात एक ओळ होती. म्हणजे जास्त खायचं की कमी, मला उमगलं नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. कॉलेजात जाऊन एवढंही कळत नाही, म्हणतील. आईला सांगितलं, "व्हिटॅमिनं हवीत. पालेभाज्या दे."

तेव्हा फार बिघडलं नाही. आम्ही कोकणातले, दिंडोशीच्या आमच्या खोलीत बहुतेक मासेच शिजायचे. मग श्रावण लागला, मासे बंद झाले. माठ, पालक, शेवग्याचा पाला रोज दोन्ही वेळेला.

"आजपण पालोच? माका शेळी समाजलंस काय गो?" बाबा म्हणायचे.

"गप खावा. झिलान सांगल्यान हा, रगताक बरा असता," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची.

मी खाली मान घालून जेवत असे. मनातून बरंही वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात बाबांना जिना चढवेना. हॉस्पिटलात तातडीने रक्त तपासलं. गोळीचा परिणाम जवळजवळ उरलाच नव्हता.

"गोळी चुकली? जेवणात काही बदल?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोळी रोज देते ओ. बदल काय नाय. श्रावण पाळतो, एवढंच." आणि आईने कौतुकाने सगळ्या भाज्या सांगितल्या.

डॉक्टर म्हणाले, "पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण प्रमाण रोज सारखं हवं. एकदम वाढल्या तर या गोळीचा जोर कमी होतो. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"आमका काय कळता," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

 बाबांची जुनी फाईल आणायला मला घरी पाठवलं, तसा निघालो. ओट्यावर आईने सकाळी निवडून ठेवलेला शेवग्याचा पाला तसाच होता. टाकावा की ठेवावा, तेही ठरवता येईना. तेवढ्यात तिचा फोन आला.

"झडपेर रगताची गाठ आसा म्हणतत. परत छाती उघडूची लागतली."