व्हय म्हाराजा आणि शेवटचं बटण

आमच्या वाडीत मतदान गुप्त असतं, पण मत कुणाला द्यायचं हे देवळात माईक लावून ठरतं. निवडणूक आली की ग्रामदैवतासमोर बैठक बसते, नारळ ठेवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. एकदा म्हटलं की शब्द दिला गेला. मोडला तर देव बघून घेतो, आणि देवाला सवड नसेल तर माझा दादा बघून घेतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वाडीचा गावकर, म्हणजे मुख्य मानकरी. मुंबईत जन्मभर कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि त्याच्या शेजारी घर बांधून राहिलो. बायको गेल्यापासून माझा संध्याकाळचा चहा त्याच्या पडवीत, वहिनीच्या हातचा असतो. दादाशी बिनसलं तर मी या वयात बोलणार कुणाशी, हा प्रश्नच होता.

या खेपेला आमदारकीला उभ्या असलेल्यांत निवडून येण्यासारखे दोघेच. पहिल्याने आमच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा बांधला होता. तो एकाच पावसाळ्यात समुद्राला भेटायला गेला. दुसऱ्याने वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, चिऱ्याची खाण काढली आणि आमचा बारमाही झरा दिवाळीलाच आटायला लागला. आता होळी झाली की आमची विहीरही तळ दाखवते. बाकीच्या उमेदवारांना त्यांच्या घरचे तरी मत देतील का, याची मला शंका होती. मी मनाशी ठरवलं, शेवटचं बटण. वरीलपैकी कोणीही नाही.

पण बंधारेवाल्याने देवळाच्या मंडपाला नवे पत्रे कबूल केले आणि दादाने त्याला वाडीचा शब्द दिला. बैठकीला मी तोंड बंद ठेवायचं ठरवून गेलो होतो. गुरव सुरात आला. लहानपणापासून कानात बसलेला तो सूर. पाऊस मागून झाला, पीक मागून झालं, मुंबईचे चाकरमानी सुखरूप मागून झाले, आणि त्याच ओघात तो म्हणाला, “आणि ह्या एका उमेदवाराच्या पाठी सगळ्यांनी एकदिलान उभां ऱ्हावां.” माझं तोंड मला न विचारता ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळं झालं. तेही चांगलं खणखणीत. दादाने वळून कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी दुपारी देऊळ रिकामं बघून गुरवाकडे गेलो. म्हटलं, देवळात दिलेला शब्द मोडायचा आहे, कौल लाव. त्याने काही विचारलं नाही. दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. खरं सांगतो, डावी पडली असती तर मला बरंच वाटलं असतं. धीर दाखवायची गरज उरली नसती. पण उजवी पडली.

पाकळी उचलताना गुरव म्हणाला, “ह्या आठवड्यात हाच सवाल घेऊन आलेला तू दुसरा.”

पहिला कोण, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी दादा शाळेच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या मते, पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणसाचं कोपर किती खाली जातं यावरून मत कळतं. आता फाटकातून आतलं काहीच दिसत नव्हतं, तरी मी कोपर अंगाशी घट्ट धरून, नुसतं मनगट खाली सोडून शेवटचं बटण दाबलं. यंत्र इतक्या जोरात ओरडलं की मला घाम फुटला.

बंधारेवाला निवडून आला. वाडीत आनंदीआनंद व्हायला हवा होता, पण मोजणीला बसलेल्या माणसाने आमच्या केंद्राचे आकडे उतरून आणले होते. शेवटच्या बटणावर दोन मतं. दादाचं नाक कापलं गेलं. त्याने घरोघर चौकशी केली. मलाही विश्वासात घेऊन विचारलं, “तुला कुणाचा संशय येतो?” मी चहा ओठाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

कुणी कबूल होईना तेव्हा दादाने पुन्हा वाडी देवळात जमवली. ज्यानं शब्द मोडलान त्याला अन्न गोड लागू नये, असं गाऱ्हाणं घालायला गुरवाला सांगितलं. गुरवाने नारळ उचलला आणि उगाच घसा खाकरत राहिला. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या दुसऱ्यावर शाप कशाला, म्हणून मी उठू लागलो.

एवढ्यात बायकांच्या बाजूने वहिनी उभी राहिली. नवऱ्याशी चारचौघांत सरळ बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून ती गुरवाला म्हणाली, “गुरवानू, ह्यांना सांगा, शोधायला नको. त्यातली एक मी. कौल घेऊन केलंय. वैशाखात खालच्या वाडीतनं चार-चार खेपा पाणी मी आणते. पत्र्याखाली बसून तहान भागत नाय.”

“आणि दुसरा मी,” मी म्हणालो. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आयुष्यात एकदाच धीर केला, तोही वाया गेला.

सगळे दादाकडे बघत होते. तो वहिनीच्या डोक्याकडे बघत होता, जिथे इतकी वर्षं हंडा ठेवून मधले केस विरळ झाले आहेत. मला वाटतं, त्याने ते त्या दिवशीच पाहिलं. गुरवाच्या हातात नारळ तसाच होता. उचललेला नारळ नुसता खाली ठेवता येत नाही.

“बा म्हाराजा,” गुरव हळूच म्हणाला, “ह्या वाडीच्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरव.”

“व्हय म्हाराजा,” सगळी वाडी म्हणाली. दादा सगळ्यांच्या मागाहून म्हणाला, अगदी हळू, पण मला ऐकू आलं.